बुंदाचा दुसरा पेला

आबा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुमची सून आत भिंतीला टेकून बसली आहे, एकेक श्वास ओढून घेते आहे. परमुलखात कुठे लढाई पेटली, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तेव्हापासून अमरावतीच्या हवेत श्वासाबरोबर तंतूही आत जातात. अडुळसा, रिंगणी, पिंपळी, तुम्ही शिकवलेलं सारं देऊन झालं.

अकोल्याला एका रोग्याने तुम्हाला मूठभर बुंद आणून दिला होता. साहेबलोक त्याला काफी म्हणतात. तुम्ही हुंगलात आणि उकिरड्यावर फेकलात. "ग्रंथात नाही, ते पोटात नको." मी विचारलं, मग मिरची कोणत्या ग्रंथात आहे? त्या दिवशी मला बिनमिरचीचं जेवण मिळालं.

शेजारी मुंबईचा दलाल राहतो. त्याच्या आईचा दमा बुंदानेच हलका होई. त्याच्या घरचा पेला आपल्याला चालायचा नाही; पण ही म्हणाली, "कोरड्या दाण्याले कायचा विटाळ? आणा, घरीच उकळू." मी पडलो वैद्याचा मुलगा. काढ्याच्या नियमाने पाणी आटवून आठवा हिस्सा ठेवला. ते डांबर पिऊन तिचे हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. "जातं आणा," म्हणते, "साऱ्या गावाचं दळून टाकते!" मग पातळ केला, सकाळी एकच लहान पेला. छाती मोकळी, डोकं हलकं, दोन घास जास्त. पोथीतली ओवी एका दमात पुरी व्हायची.

आज त्या पेल्याने काही झालं नाही. "अजून घोटभर द्या ना. काहून राखून ठेवून राहिले?" नाडी पाहिली तर बेडकासारखी उड्या मारते आहे. दिला तर काळजाची भीती, न दिला तर श्वासाची. ग्रंथात नसलेल्या वस्तूची मात्रा मी कुणाला विचारू, आबा? तेव्हा फेकण्याआधी एकदा चाखला असता तर?

हे पत्र कुठे धाडायचं नाही. तिचा श्वास ऐकवेना, म्हणून लिहायला बसलो. आत्ता तिने भिंतीवर थाप मारली. हाक मारायला दम उरला नाही. उठतो. अर्धा पेला देतो. याला मात्रा समजू नका, ही नुसती भीती आहे.