सावलीत वाळवायची फुलं

प्रिय आत्या,

आज सकाळी शेजारचे आप्पा आपल्या अंगणात उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "पावडर मावशीपरास तिची सून हुशार निघाली." बचत गटाच्या बायका हसल्या, कुणीतरी माझी पाठ थोपटली आणि मी ती थाप घेतली. म्हणून कामं तशीच टाकून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं. लग्नात मला सांगितलं होतं, सासूला आत्या म्हणायचं. तेव्हापासून मी तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण हे एक बोलायचं राहिलं. राहिलं कसलं, मला ते कळलंच नव्हतं.

त्या फुलांबद्दल लिहिते आहे, आत्या. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा गोल, दिसायला अगदी शेवंतीची गरीब बहीण. कांद्याची गाडी घेऊन दक्षिणेत जाणाऱ्या दत्तूमामांनी, तुमच्या धाकट्या भावानं, डोंगरातून तिच्या मुळांचे चार गड्डे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले होते. "आक्का, हिच्या भुकटीनं पिसवा मरत्यात, औषध न्हाई फवारायला लागत," असं त्यांनी सांगितलं आणि तुम्ही शेवंतीच्या वाफ्यातला एक कोपरा तिला देऊन टाकलात. तुमचे चिरंजीव म्हणजे आमचे हे, कुरकुंभच्या कीटकनाशकाच्या कंपनीत दिवसभर औषधाच्या वासात काढणारे. ते म्हणाले, "आई, आम्ही रिॲक्टर लावून बनवतो ते तू वाफ्यात बनवणार व्हय?" तुम्ही म्हणालात, "तुमच्या रिॲक्टरला कवा कळी आली का?"

दोन वर्षं नुसता पाला वाढला. आपल्याकडचं ऊन तिला सोसेना. तिसऱ्या वर्षी थंडी चांगली पडली आणि फाल्गुनात वाफा पांढरा झाला. केडगाव स्टेशनवर शेवंती घेऊन जाणाऱ्या बायका वाकून बघायच्या, वास घ्यायच्या आणि नाक मुरडायच्या. फुलं पूर्ण उमलली की दुपारच्या आत तुम्ही ती खुडायचात. मधल्या खोलीत तुमच्या खाटेखाली गोणपाट अंथरून ती पसरायचात आणि आल्यागेल्याला दम द्यायचात, "हात लावायचा न्हाई." का लावायचा नाही ते सांगितलं असतंत तर? तुमचं नेहमीचं होतं ते. काय करायचं ते सांगायचं, कशासाठी ते नाही. इतकी वर्षं एका घरात राहून हे एक मला तुमचं पटलं नाही, अजूनही पटत नाही.

मग शिरूरला वन्संचा पाय मुरगळला आणि तुम्ही आठ दिवस तिकडे गेलात.

त्या आठ दिवसांत मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. तरी मला ते माझ्या हातानं लिहू द्या. खोलीत झाडताना मला त्या फुलांना कुबट वास आला. दोन दिवस आभाळ होतं, बुरशी धरेल असं वाटलं. आणि चैत्र तोंडावर आलेला, गच्चीवर माझ्या कुरडया, सांडगे, मिरच्या. आपल्याकडं कुठल्या गोष्टीला ऊन दाखवल्याशिवाय डब्यात भरतात? गादी असो, गहू असो, लोणच्याची बरणी असो, उन्हात गेली की काम झालं. मी सगळी फुलं गच्चीवर नेली. तीन दिवस कडक ऊन दिलं, संध्याकाळी उचलली, सकाळी परत पसरली. इतक्या मायेनं मी स्वतःच्या कुरडयासुद्धा कधी फिरवल्या नाहीत.

तुम्ही एसटीतून उतरून घरी आलात, अजून पायावर पाणीही घेतलं नव्हतं, तेवढ्यात मी डबा पुढं केला. "आत्या, बघा, कशी कुरकुरीत वाळवलीत." तुम्ही एक फूल उचललंत, बोटात चुरलंत, नाकाशी नेलंत. मग म्हणालात, "बरं केलंस." आणि डबा घेऊन आत गेलात.

मला तो शाबासकीचा शब्द वाटला, आत्या. तीन वर्षं मी तो शाबासकीचाच धरून बसले होते.

पुढचं तर सगळ्या वस्तीनं बघितलं. आप्पांच्या शेळ्या पिसवांनी हैराण झाल्या होत्या आणि तुम्ही त्यांना आधीच शब्द देऊन ठेवलेला. तुम्ही फुलं दळलीत, दळताना दहादा शिंकलात, आप्पांच्या शेळीला पोटाखाली, मानेला भुकटी चोळलीत आणि खाली जुनं पांढरं धोतर अंथरलंत. अर्धा तास झाला, एक तास झाला. धोतरावर एक पिसू पडेना. शेळी मात्र भुकटीनं माखून मजेत रवंथ करत बसली. तेव्हा दारातून कोण म्हणालं, "आत्या, पिसवांना पावडर तर लावली, आता टिकली लावा"? मी म्हणाले. सगळी वस्ती खो खो हसली. तुमचं 'पावडर मावशी' हे नाव माझ्या त्या एका वाक्यातून पडलं. मला त्या दिवशी माझा विनोद फार आवडला होता.

आप्पांनी विचारलं, "काय झालं मावशी?" तुम्ही म्हणालात, "माझंच कायतरी चुकलं असंल." दुसऱ्या आठवड्यात तुम्ही वाफा काढलात आणि तिथं शेवंती लावलीत. पाण्याच्या टाकीमागं दोन गड्डे कसे राहिले कुणास ठाऊक. मुद्दाम ठेवलेत का हो?

तुमच्या वर्षश्राद्धाला दत्तूमामा आले. हात धुवायला टाकीपाशी गेले आणि तिथंच थांबले. "हे अजून जगलंय व्हय?" मी हसत हसत त्यांना शेळीची गोष्ट सांगितली, टिकलीसकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "सावलीत वाळवली व्हती ना? उनात जीव जातो हिचा, नुसतं भुसकट उरतं. आक्काला मी चारदा बजावलं व्हतं."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी खाली ठेवला. तेव्हा मला तुमचं ते फूल चुरणं दिसलं. तुम्हाला त्या क्षणीच कळलं होतं. तरी तुम्ही ते दळलंत, कुठं थोडा जीव राहिला असेल म्हणून शेळीला चोळलंत, आणि हसं झालं तेव्हा माझ्याकडं नुसतं बघितलंसुद्धा नाहीत. एक वाक्य पुरलं असतं, 'सुनेनं उन्हात घातली.' खरं होतं ते. का नाही बोललात?

मला याचा राग येतो, आत्या. तुम्हाला मोठेपणा मिळाला म्हणून नाही. तुम्ही मला रागावला असता, दोन दिवस अबोला धरला असता, तर पुढच्या फाल्गुनात आपण दोघींनी मिळून नीट वाळवली असती. तुमच्या डोळ्यांदेखत पिसवा पडल्या असत्या. मला जपता जपता तुम्ही स्वतःचं फूल सोडून दिलंत. एवढी नाजूक होते का मी? गच्चीवर दोन पायली मिरची एकटी फिरवणारी बाई मी, तुमची चार बोलणी मला सहज झेपली असती.

असो. थंडीत टाकीमागच्या गड्ड्यांना कळ्या आल्या. ओंजळ दोन ओंजळ फुलं निघाली. तुमच्याच खाटेखाली, तुमच्याच गोणपाटावर पसरली. खिडकीलासुद्धा चादर बांधली. यांनी विचारलं, "बाळंतीण निजवलीय का खाली?" मी म्हणाले, "हात लावायचा न्हाई." नाकाला पदर बांधून दळली, तरी शिंकले. आणि आज सकाळी आप्पांची शेळी मीच मागून आणली. धोतर नव्हतं, माझी जुनी पांढरी ओढणी अंथरली.

पाव तास लागला नाही. आधी एक पडली, मग पाच-सहा, मग ओढणीवर तीळ सांडावेत तशा. आप्पा गुडघ्यावर बसून मोजायला लागले आणि मध्येच नाद सोडून दिला. गटाच्या बायका गड्डे मागायला लागल्या. आणि मग आप्पा ते वाक्य बोलले.

मी तिथंच खरं सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण पाठीवर थाप पडली, चहा आला, आणि मी गप्प राहिले. तुमच्यासारखी गप्प नाही. तुम्ही दुसऱ्यासाठी गप्प बसलात, मी स्वतःच्या कौतुकासाठी.

दुपारी मी यांना सगळं सांगितलं. ते चप्पल काढून माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, "आई गेली आता. कशाला उगं स्वतःचं हसं करून घेती? हाय ते ऱ्हाऊ दे." वाईट वाटून म्हणाले, मला कळतं. पण ऐकणार नाही. आज मी गप्प राहिले तर उद्या गटाच्या पोरीबाळी हे फूल लावतील, सावलीत वाळवतील आणि सांगतील, की पावडर मावशीला जमलं नाही ते सुनेनं जमवलं. तुम्हाला जमलं होतं, आत्या. खाटेखालची ती पहिली फुलं चांगलीच होती.

गुरुवारी देवळाच्या मंडपात गटाची बैठक आहे. सगळ्या येणार आहेत, आप्पांनाही मी निरोप दिला आहे, आणि हे सुट्टी काढून येतील, नाही आले तरी चालेल. शब्द देते, गड्डे फोडून वाटायच्या आधी मी उभी राहीन आणि सांगीन, की फूल आत्यांनी आणवलं, वाढवलं, बरोबर वाळवत घातलं, आणि ते उन्हात नेऊन मारलं मी. वर टिंगल केली तीही मी. हसतील. कुणी टिकलीसुद्धा काढून दाखवील. तुम्ही पावणेदोन वर्षं माझ्या वाट्याचं हसं अंगावर घेऊन याच वस्तीत पाणी भरलंत. मला एक दुपार काढायची आहे.

तुमची सून,
रंजना