उतू गेलेले दूध आणि पिवळी ज्योत

गुरुवार, सायंकाळ

अखिलपाकशालानिरीक्षक, ज्वलनशास्त्रधुरंधर, कसबा बावड्यातील नूतन सदनिकेचे स्वामी असे आम्ही आज शेगडीपुढे निष्प्रभ ठरलो. सकाळी वास्तुशांतीला मंगल म्हणून दूध उतू घातले. त्याच दुधाने बर्नरची छिद्रे बुजली. ज्योत पिवळी, मंद, झोपाळू. तिच्यात गगनबावड्याचे धुके दिसू लागले, आणि आम्ही पाहतच राहिलो.

"अवो, पावणं जिन्यात आलं! आमटी अजून गारच हाय की!" सौभाग्यवती कडाडल्या.

गॅस बंद करून बर्नर धुतला, टाचणीने छिद्रे मोकळी केली, पण घाईने ओलाच बसविला. ज्योत फुरफुरली, पिवळीच. पुसून, वाळवून पुन्हा बसविला, तेव्हा नीलज्योत प्रकटली. काय ती निळाई! आमटी उकळली, पंगत उठली. मंगलानेच अग्नीचा कंठ रोधावा?

असो. टाचणीचे टोक मात्र एका छिद्रात मोडून बसले आहे. ते आता कशाने काढावे?