कासवाचं शेवटचं कडवं

सोम., ३ नोव्हें.
आज पहाटे काकडा झाल्यावर सगळे पारावर चहाला गेले. मी समया पुसायच्या निमित्तानं मागं राहिलो. देवळात कोणी नाही हे दोनदा पाहिलं. मग सभामंडपातल्या दगडी कासवापाशी बसून वरचा सा लावून पाहिला.

लागला नाही. घसा बसल्यावर आवाज जाड होतो, तसं हे नाही. रहाटावरून दोर घसरावा तसा सूर सुटतो. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही. समया पुसल्या.

पोळ्यापासून असं आहे. तेव्हा पावसाळी हवा म्हणालो, आता दव म्हणतो.

सायं. लेकीचा, वैशूचा पुण्याहून फोन. ती आणि तिचे सोबती मिळून लहान मुलांसाठी ॲनिमेशनचा सिनेमा करतायत, गाण्यांचा. गोष्ट आपल्याच देवळातल्या कासवाची. लहानपणी आमचं भजन चालू असताना त्याच्याच पाठीवर बसून पेंगायची. सिनेमात ते कासव जिवंत होतं आणि नदी शोधायला निघतं.
"अण्णा, कासवाचं गाणं तुमीच म्हणायचं."
हो म्हणालो. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं.
रामकृष्णहरी.

बुध., ५ नोव्हें. पौर्णिमा
काकडा संपला. काला झाला. शेवटच्या दिवशी तरी नीट म्हणीन वाटलं होतं. पहिला चरण उचलला आणि वर जाताना... टाळकऱ्यांनी झेललं म्हणून निभावलं. भजनात हे बरं असतं. म्हणणाऱ्याचा दम गेला तरी मागचे ओळ खाली पडू देत नाहीत.

मृदंगावर मारोतीतात्या. माझ्याहून मोठा, तोंडाचा फटकळ. काल्याच्या लाह्या खात सगळ्यांसमोर म्हणतो, "बुवा, लेकीनं सिनेमात घेतल्यापासून घसा जपायलाव व्हय? आमाला फुकट ऐकवायचं न्हाई आता!"
सगळे हसले. मीही हसलो.

घरी बायकोनं, सुमननं अडुळशाचा काढा दिला. गिळताना उजव्या बाजूला लागतं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. इथंही आजच लिहितोय.

शनि., ८ नोव्हें.
वैशू आली. बरोबर मैत्रिणीचं रेकॉर्डिंगचं यंत्र. देवळात म्हणावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली देवळात आवाज घुमतो. मग कुठं घुमत नाही ते बघायला घरभर टाळ्या वाजवत फिरली. कापसाच्या खोलीत जाऊन टाळी वाजवली आणि ओरडली, "आई, हीच खोली! पुण्यात ह्याच्यासाठी भिंतींना गाद्या लावतेत."
सुमन म्हणाली, "बरं झालं, औंदा कापूस इकला न्हाई अजून."

बोंडाच्या ढिगावर मला बसवलं. मी विचारलं, चित्र कुठं आहे? समोर चित्र चालू असेल आणि मी त्याला धरून म्हणायचं, अशी माझी समजूत. देवापुढं म्हणतो तसं. ती हसली. "आमच्यात उलटं असतंय अण्णा. गाणं आधी, चित्र मागून. तुमी जिथं दम घ्याल तिथं कासव दम घेणार. तुमी आवंढा गिळला तर त्याचा गळा हलणार."
मी उपरणं गळ्याभोवती गुंडाळून घेतलं.

गाण्याचे शब्द तिचेच:
दगड होतो, बरा होतो, भ्यायला नव्हतं काही,
जीव आला पायांत आणि पायरी उतरवत नाही.

हे माझ्या लेकीला कुठून सुचलं? विचारलं नाही. तीन कडवी म्हणालो. जिथं सूर सुटेलसं वाटलं तिथं ओळ आधीच खाली वळवली. दोन ठिकाणी सुटलाच. थांबलो, गिळलं, पुढं गेलो.
ती डोळे पुसत म्हणाली, "असंच पायजे होतं. म्हातारं कासव असंच म्हणंल. तुमाला कसं कळलं?"
तिला वाटतं मी मुद्दाम केलं.

चौथं कडवं राहिलं. कासव नदीला पोचतं की देवळात परत येतं, यावर तिच्या मंडळींत भांडण चालू आहे. ठरलं की लिहिणार, मग डिसेंबरच्या मध्यावर येऊन घेणार. तोवर कापूस विकू नका, म्हणाली.

रवि., ९ नोव्हें.
वैशू दुपारच्या गाडीनं गेली. जायच्या आधी मोबाईलवर असल्या सिनेमांतली दोन-तीन गाणी दाखवली. भाषा कळली नाही. तरी एक कळलं. एक मुलगी दाराशी उभी राहून गाते. गाणं सुरू होतं तेव्हा तिला दाराची भीती आहे. संपतं तेव्हा दार उघडलेलं आहे. आपल्या सिनेमात गाण्यासाठी गोष्ट थांबते, झाडाभोवती फिरून पुन्हा होती तिथंच येते. यात तसं नाही. गाणं झाल्यावर माणूस पहिल्या जागी नसतो. जे बोलून होत नाही ते गाऊन होतं.

अभंगाचंही तसंच की. पहिल्या चरणाला रडणारा शेवटच्या चरणाला रडत नाही. इतकी वर्षं म्हणतोय आणि हे एका रंगवलेल्या पोरीकडून कळावं.

पण तिला आवाज कोणी दिला असेल? तिचा घसा चांगला असणार.

बुध., १२ नोव्हें.
हरभऱ्याचं बियाणं आणतो सांगून चुडाव्याहून गाडी धरली. परभणीला घशाच्या डॉक्टरकडे. नाकातून बारीक नळी घातली. समोर पडद्यावर माझाच घसा. पाहिला नाही, भिंतीकडे बघत राहिलो.

"तंबाखू?"
माळ घातल्यापासून नाही. त्याआधी होती. किती, तेही सांगितलं.
म्हणाले, स्वरयंत्रावर गाठीसारखं आहे. बेशुद्ध करून तुकडा काढून तपासावा लागेल.
"कॅन्सर हाय का?"
"तपासल्याशिवाय मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. पण उशीर करू नका."
"आवाज?"
"तुकडा काढल्यावर काही दिवस अजिबात बोलायचं नाही. पुढचं आत्ता नाही सांगता येत. सोबत कोण आलंय?"
कोणी नाही म्हणालो. त्यांनी चष्मा काढून पाहिलं. "पुढच्या वेळी घेऊन या."

येताना बियाणं घेतलं. निदान तेवढं खरं व्हावं. गळ्यातली माळ हाताला लागत राहिली.

गाडीत गोविंदकाका आठवले, माझे चुलते. त्यांच्या गळ्याला भोक पाडलं होतं, त्यावर बोट ठेवून बोलायचे. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, जणू कान गेलेत. एवढा मोठा भारूड म्हणणारा माणूस, शेवटी शेवटी खुणाच करायचा. पोरं नक्कल करायची. मीही केली असेल.

शनि., १५ नोव्हें. एकादशी
देवाला काय मागावं ते ठरत नाही. आवाज राहू दे म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. जीव राहू दे असं आधी मागायला पाहिजे ना? दोन्ही मागितलं तर जास्त होईल का? शेवटी नुसता हात जोडून बसलो. कासवाच्या पाठीवर गेल्या आठवड्याचा गुलाल अजून तसाच.

एक हिशोब मनात धरलाय. डिसेंबरच्या मध्यावर चौथं कडवं होईल, मग लगेच परभणी. महिन्यानं काय फरक पडतो. पोळ्यापासून आहेच की.


सुमन: "उपास पोटाचा हाय का बोलायचा? सकाळपून चार शब्द न्हाई बोललाव."

गुरु., २० नोव्हें.
दुपारी वैशूनं सिनेमाचा तुकडा पाठवला. रंग नाहीत, नुसतं पेन्सिलीचं. तात्या मृदंगाला शाई भरून घेऊन आला होता. मी, सुमन आणि तो, तिघं ओट्यावर डोकी जवळ घेऊन बघत बसलो.

कासव देवळाच्या दारात येतं. गाऊ लागतं. प्रत्येक ओळीच्या आधी मान आत ओढतं, डोळे मिटून आवंढा गिळतं, मग मान बाहेर. दुसऱ्या कडव्यात जिथं माझा सूर सुटला तिथं ते पायरीवर थबकतं आणि पुढचा पाय हळूच गळ्याला लावतं. उजव्या बाजूला.

तात्या मांडीवर थाप मारून हसला. "बुवा, ह्ये तर तुमीच! नाकसुदिक तुमचंच हाय!"

सुमन हसली नाही. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच लावलं.
"ह्याला गिळताना दुखायलंय," ती म्हणाली.
तात्या माझ्याकडे बघायला लागला.
"चित्र हाय ते," मी म्हणालो.

नंतर तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि समोर उभी राहिली. मी पिताना माझ्या गळ्याकडे बघत होती. मी अर्धंच प्यालो.

जी मुलगी चित्र काढते तिनं मला कधी पाहिलेलं नाही. फोटोसुद्धा नाही. नुसता आवाज ऐकत बसते आणि काढते. तिला गाठ दिसली. घरात मी कोणाला दिसू दिली नव्हती. ओळ मी खाली वळवली ती लपवायला, आणि कासवानं नेमकी तिथंच मान आत घेतली.

शुक्र., २१ नोव्हें.
वैशूचा फोन. "अण्णा, ती चित्र काढणारी पोरगी इचारायलीय, गाणारे बरे हायत ना म्हणून. खरं सांगा. तुमी मुद्दाम तसं म्हणलाव का..."
रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

कडवं लिहून झालंय का, हे विचारायचं राहिलं. तेच विचारायचं होतं.

सोम., २४ नोव्हें.
वेचणीला दोघंच होतो. सुमन कापसाच्या पुढच्या ओळीत. पाठमोरी असताना सांगितलं, तोंड बघून जमलं नसतं. परभणी, नळी, तुकडा, सगळं. कॅन्सर हा शब्दही म्हणालो. ती वेचतच राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मोठ्यानं बोलायला गेलो तर आवाज फाटला.

"ऐकलं," ती म्हणाली. "त्या दिशी वट्यावरच कळलं मला. तुमी कदी सांगताव तेच बघायलते."
मग वळली. ओटीतला कापूस तसाच धरलेला.
"एकटे गेलाव? कुणी पाणी तरी इचारलं का तितं?"
"बियाणं आणायचं होतं..."
"माळ घालून खोटं बोललाव."
"बियाणं आणलं ना पण."
"बियाणं कुणी इचारलं तुमाला!"
आणि बांधावर बसून रडली. मी जवळ बसलो. हिशोब सांगितला, कडवं झालं की लगेच जाऊ. लेकीचं काम अडेल. आणि एकदा तुकडा काढल्यावर हा आवाज असेल नसेल...

तिनं पदरानं तोंड पुसलं. "कासव ऱ्हाईल की थांबून. त्याला काय घाई हाय? दगडाचंच हाय ते."
थोड्या वेळानं, "मला तुमचं गाणं फोनात नगं."

शुक्र., २८ नोव्हें.
वैशूला सुमननंच सांगितलं. मग वैशू मला म्हणाली, "चित्र काढणाऱ्या पोरीनं सांगितलं तरी मला कळलं न्हाई अण्णा. मी म्हणलं, किती भारी म्हणलाव."
चांगलंच म्हणालो होतो, मी म्हणालो. ती रडता रडता हसली.

कडवं लिहून झालंय, म्हणाली. वाचून दाखवू का? नको म्हणालो. ऐकलं असतं तर चाल लागली असती डोक्यात, आणि मग ते म्हणून होईपर्यंत मी पुन्हा थांबलो असतो. मला माझी खात्री नाही.

तात्याला सगळं सांगून भजनातली माझी वीणा दिली. फटकळ माणूस, पण हातात घ्यायच्या आधी त्यानं धोतराला हात पुसले. "ठेवायला देयलाव, का कायमची?"
"ठेवायला."
"मग जपतो."

भीती तेवढीच आहे. सांगितल्यावर कमी होईल वाटलं होतं. झाली नाही. फक्त आता आम्ही तिघं भितो. चौघं, तात्या धरून.

गुरु., ४ डिसें. परभणी
काल सकाळी तुकडा काढला. बोलायचं नाही. घशात निखारा ठेवल्यासारखं आहे. रिपोर्ट यायला आठवडा.

बेशुद्ध करायच्या आधी नर्स म्हणाली, आकडे म्हणत राहा. मी नाम म्हणत होतो. कुठपर्यंत आलो ते माहीत नाही. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा आवाज काढून बघावा अशी फार इच्छा झाली. सुमननं ओळखलं. माझ्या ओठांवर हात ठेवून बसली.

वैशू पुण्याहून थेट इथं आली. खाटेवर बसून मोबाईल पुढं धरला. कासव तिसऱ्या कडव्याच्या शेवटाला येतं, शेवटच्या पायरीवर. खाली वाळू आहे, लांब पाण्याची रेघ. एक पाय उचलतं, आणि तिथंच चित्र थांबतं. पुढचं गाणं नाही म्हणून पुढचं चित्र नाही.

"मंडळी म्हणतेत, दुसऱ्या कुणाकडून तरी म्हणून घ्यावं. न्हाईतर इथूनच त्याला देवळात माघारी न्यावं, म्हणजे चौथ्या कडव्याची गरजच न्हाई. काय करू अण्णा?"

खुणेनं कागद मागितला. हात अजून जड आहे, अक्षर वाकडं आलं. पहिल्यांदा 'दुसऱ्याकडून घे' असं लिहिलं. सुमननं वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मी ते खोडलं आणि खाली लिहिलं:

माघारी नेऊ नको. पाय उचललाय त्यानं, तसाच थांबू दे माझ्यासाठी.