मागे घेताना डावं-उजवं

हॅरो (लंडन), ४ मे २०२५

ति. दादास,
श्यामलाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते यंत्र कानात घालायला तू तयार नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. ह्यांचा पाय आता धड पडतो. पण पॅरालिसिसच्या झटक्यानंतर डावं-उजवं तोंडात उलटं येतं. डावा मोजा मागतात आणि उजवा पाय पुढे करतात. मागच्या महिन्यात लेकाला, परीक्षितला, हसू आलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण तेव्हापासून हे बोलायचेच बंद झाले. तीन आठवडे झाले दादा, मला घर खायला उठतं.

त्यात कॅम्परचं प्रकरण. रिटायर झाल्यावर ह्यांनी हौसेने घेतलेलं ते चाकांवरचं घर तू फोटोत पाहिलंस. ते गाडीच्या शेपटीला नाही, पिकअपच्या हौद्यात मधोमध जोडतात. आमचा हौदा आखूड, त्यामुळे घट्ट वळण घेतलं की कॅम्परचं नाक केबिनच्या मागच्या काचेत येतं. डॉक्टरांनी ह्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं, मी घाबरट. म्हणून लेकाने गिऱ्हाईक शोधलं. मी सांगून बसले, वेल्सला कॅम्पिंगच्या तळावर नेऊन जागेवर लावून दाखवते, नाही जमलं तर खुशाल विक. सात जूनचं बुकिंग आहे. तू तीस वर्षं ट्रेलर चालवलास, मला शिकव.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी चार ओळी लिही.

तुझी,
श्यामला

नाशिक, १५ मे २०२५

चि. श्यामलास,
अनेक आशीर्वाद.

माझी नवी सायकल गोठ्यात घालणारी तूच ना? तरी लिहितो, कारण तू हट्टाला पेटलीस की ऐकत नाहीस.

पुढे कुणीही नेतो, कस लागतो तो मागे घेताना. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, सगळे इथेच फसतात. आखूड हौद्यासाठी मागे सरकणारा जोड मिळतो म्हणे. अवधूतरावांना विचार, त्यांनी बसवला असेल. शंका आली तर थांब, उतर, मागे जाऊन बघ. उतरण्यात कमीपणा नाही.

आणि क्लीनरशिवाय आम्ही कधी ट्रेलर मागे घेतला नाही. अवधूतरावांना मागे उभं कर. माणूस कामाला लागला की बोलतो.

सांभाळून. आमचा जीव तुमच्यात आहे हे विसरू नकोस.

तुझा,
सतीशदादा

वेल्स, ८ जून २०२५

ति. दादास,
सा. न. वि. वि.

जिंकले!

सरकता जोड होताच. ह्यांनी न बोलता बोटाने खटका दाखवला. तो ओढायचा, कॅम्परचा हँडब्रेक लावायचा आणि गाडी हळूच पुढे घ्यायची. जोड मागे सरकतो आणि नाक काचेपासून लांब राहतं. दोन रविवार रिकाम्या कार पार्कमध्ये हेच केलं.

मोटरवे सुरळीत गेला. पण इथली जागा एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला कुंपण, अशी. परीक्षित त्याच्या गाडीने पाठोपाठ आलेला. चहाचे मग घेऊन शेजारचे कॅम्परवाले बघायला जमले. जोड सरकवला, ह्यांना मागे उभं केलं, पण मागे घेताना तुझं सगळं शिकवणं विसरले. दोनदा कॅम्पर भिंतीकडे गेला. परीक्षितने दार उघडून म्हटलं, “आई, लेट मी डू इट. बाबांनाही त्रास होतोय.” मी उतरणारच होते.

तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला, “श्यामला, डावीकडे!”

कॅम्पर जायला हवा होता उजवीकडे. ह्यांच्या मनात उजवंच होतं, तोंडात डावं आलं. पण मी काही विचार न करता स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि कॅम्पर बरोबर उजवीकडे वळला! मग हे उजवीकडे म्हणाले, मी उजवीकडे फिरवलं. ह्यांचं उलटं आणि ट्रेलरचं उलटं मिळून सुलट होत होतं, दादा. परीक्षित तोंडात बोट घालून उभा. हे ओरडत राहिले, “येऊ दे, येऊ दे,” आणि शेवटी, “बास!” भिंत वीतभर लांब होती. काचेला ओरखडा नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षितने बाबांना मिठी मारली आणि गिऱ्हाइकाला काय कळवू म्हणून माझ्याकडे पाहिलं. उत्तर ह्यांनी दिलं.

“कॅम्पर विकायचा नाही.”

तिन्ही शब्द जागच्या जागी होते.

तुझा लोभ आहेच, तो वाढता राहो.

तुझी,
श्यामला