टूटू म्हणायचं कुणाला

हूरा, मनामा
६ फेब्रुवारी २०२५

ती. अंजनाताईस,
दत्तूचा सविनय जयभीम.

आमच्या इमारतीच्या लिफ्टने माझ्याशी उघड वैर धरलं आहे. मी राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि ती नेमकी तिसऱ्यावर थांबत नाही. चौथ्यावर उतरून जिन्याने खाली यायचं, म्हणजे स्वतःच्या घरी मी रोज आकाशातून अवतरतो. वॉचमन लतीफ म्हणतो, इंशाल्ला, दुरुस्त होईल. वर्षभर होतंच आहे.

खरं दुखणं तू दिलंस. फोन उचलत नाहीस, म्हणून सुट्टीवर कराडला निघालेल्या शेजारच्या नीलमच्या हाती हे पत्र. त्या शुक्रवारी तुझ्या प्रज्योतने हवाईहून आपल्या दोघांना एकत्र व्हिडिओ कॉल लावला, तुझी नात मला पाहून 'टूटू काने' म्हणाली आणि तू फोन बंद केलास. तिकडच्या भाषेत टूटू काने म्हणजे आजोबा, ठाऊक आहे. पण मी त्या जागेसाठी अर्ज केला नव्हता. चार वर्षांची तेजस्वी विचारत राहते, आजी फोनवर का येत नाही. तिला काय सांगू?

लोभ होताच, राग निवला की पुन्हा चालू करावा.
तुझा दत्तू

कराड
२१ फेब्रुवारी २०२५

चि. दत्तूस,
अनेक आशीर्वाद.

लिफ्टचं वाचून मी अजिबात हसले नाही. नीलम वेगळं सांगेल, ऐकू नकोस.

तेजस्वी पोटात होती तेव्हा प्रज्योतने ह्यांना सांगितलं, पप्पा, बाळ तुम्हाला टूटू काने म्हणेल. हे एसटी डेपोभर सांगत फिरले. शेवटी कँटीनवालासुद्धा त्यांना टूटू म्हणायला लागला. पोरगी बोलायला लागण्याआधीच हे गेले. इतकी वाट पाहिलेली हाक तिने तुला मारली, आणि हे ओ देतील म्हणून मी आतल्या खोलीकडे वळून पाहिलं. तिला मामाआजोबा म्हणायला शिकव. तोवर मला त्या फोनवर बोलावू नका.

जेवण वेळेवर कर. माया आहे, म्हणूनच रागावले.
तुझी ताई

हूरा, मनामा
८ मार्च २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम.

तुझ्या सुनेला फोन केला. म्हटलं, माझी हाक काढून घ्या, नुसतं दत्तू म्हणा. ती म्हणाली, आमच्याकडे हवाईत आजोबांचा भाऊ, आजीचा भाऊ, त्या पिढीचे सगळेच आजोबा. वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारायला लेकराला शिकवणार नाही. आणि त्यांच्यात आजीआजोबांना कुपुना म्हणतात, गेलेल्या पूर्वजांनाही कुपुनाच. माणूस गेला म्हणून नातं रिकामं होत नाही. तुमच्याकडे होतं का, असं तिने विचारलं.

काल फोनवर तेजस्वीला सांगितलं, तुझे पहिले टूटू काने माझे दाजी. डेपोतून येताना कोपऱ्यावरूनच दोन्ही तळव्यांची पोकळ ओंजळ करून ते घुबडासारखं वाजवायचे, की तुझी आजी चहा टाकायची. ते वाजवणं त्यांनी मला शिकवलं होतं. मी पोरीला शिकवलं. आधी नुसती थुंकी उडाली, मग जमलं.

पत्र मिळालं की प्रज्योतला मिस्ड कॉल दे. फोन येईल तेव्हा तेजस्वी लगेच काही बोलणार नाही, आधी ओंजळ तोंडाशी नेईल. तू ठेवू नकोस.

दत्तू