दाढीचा अर्ज तुमच्याकडे आलाय

अहो सुभेदारसाहेब,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही. तुम्ही काश्मीरला होतात तेव्हाही पत्र ‘अहो’नेच सुरू व्हायचं, आसामला होतात तेव्हाही. आता कशाला रीत मोडू?

आज लिहायला बसले ती आपल्या मंगेशमुळे. त्याची सुट्टी संपली, उद्या तो जहाजावर परत जातोय. सकाळी बेसिनपुढे उभा राहून गालावरून हात फिरवत होता. एकदम म्हणाला, “आई, बाबाले विचार नं, दाढी वाढवू का पुन्हा?” मी म्हटलं, “थांब, विचारून सांगते.” बोलून तर गेले! आता तुम्हाला काही विचारायचं म्हणजे पत्राशिवाय दुसरा रस्ता मला कुठे माहीत आहे?

तुम्ही जन्मभर फौजेत आणि पोरगा गेला नौदलात, तिथेच आपल्या घरात गोंधळ सुरू झाला. आठवतं, ट्रेनिंग संपवून तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा? दारातच त्याने तुम्हाला सॅल्यूट ठोकला. दुसरा बाप असता तर छाती फुगली असती. तुम्ही मात्र त्याचा हात धरून तळवा समोर वळवायला निघालात.

“काहून बे, तळवा काहून लपवून राहिला?”

“बाबा, आमच्यात तळवा खालीच रायते. जहाजावर काम करून हात काळे रायत होते, म्हणून तशी पद्धत पडली म्हणतात.”

“अन् आमचे काय दुधानं धुतलेले रायत होते?”

वायुदलाचा सॅल्यूट आणखी तिसराच असतो, हे त्याने सांगितलं तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. एकच देश, आणि नुसता हात वर करायच्या तीन तऱ्हा! मलाही हसू आवरलं नाही, पण तुमच्यासमोर हसायची सोय होती का?

आणि तो ऑटो! खापरखेड्याला लग्नाला निघालो होतो. ऑटो दारात आला आणि मंगेश पटकन आत जाऊन बसला. तुम्ही रस्त्यावर सावधानमध्ये उभे.

“बापाच्या आधी बसते का कोणी?”

“बाबा, आमच्याकडं बोटीत ज्युनिअर पहिले चढते. सीनियरले आत ताटकळावं नाही लागलं पाहिजे. सीनियर शेवटी चढते अन् उतरताना पहिले उतरते.”

“हा ऑटो होय!”

मांडवाशी पोचल्यावर तुम्ही रुसून आत बसून राहिलात. आणि तुम्ही उतरल्याशिवाय उतरायचं नाही म्हणून तोही बसून राहिला. ऑटोवाला बिचारा आरशातून माझ्याकडे बघतोय, आणि मी शालू सावरत मधे अडकलेली! शेवटी मीच ओरडले तेव्हा दोघं उतरलात.

मग आली दाढी. तुमच्या पलटणीत रोज सकाळी जवानांच्या गालांवर तुमची नजर फिरायची, आणि तुमचाच पोरगा दारात असा उभा, की शेजारच्या काकूंनी भिक्षेला पीठ आणलं. तुमचा तर रंगच उडाला. हळूच विचारलंत, “नोकरी सोडून पळून आला का बे?”

“नाही बाबा, परवानगीनं वाढवली. आमच्यात अर्ज करावा लागते. कॅप्टननं मंजूर केला.”

“कॅप्टन? कॅप्टन म्हणजे कालचं पोट्टं! मीच शिकवले तसे कितीक.”

“आमचा कॅप्टन तुमच्या कर्नलच्या बरोबरीचा रायते, बाबा.”

“मंग कर्नल म्हणा नं सीधं!”

त्या सुट्टीभर तुम्ही जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसलात. तो बिचारा, “बाबा, भाजी वाढू का?” म्हणून विचारायचा आणि तुम्ही मला सांगायचात, “त्याले सांग, नको.” मी एकदा वैतागून म्हटलं, चार केसांचं एवढं काय? तेव्हा भाकरी कुस्करता कुस्करता तुम्ही म्हणालात, “कॅप्टनले विचारलं त्यानं. बापाले विचारलं का?”

म्हणजे एवढंच होतं तर! हे त्याच्या तोंडावर सांगायला काय झालं होतं हो? वर मला दम दिलात, त्याला बोलशील तर खबरदार. तुमच्या या ताठ्याचा मला अजून राग येतो. पोराशी दोन सरळ शब्द बोलला असतात तर कोणी तुमची खांद्यावरची पट्टी उतरवणार होतं का?

तुम्ही गेलात तेव्हा तो मिळेल त्या विमानाने आला. घाटावर न्हाव्याने विचारलं, “दाढी राहू द्याची का?” त्याने नाही म्हणून मान हलवली. काढली सगळी. आणि खालून काय निघालं सांगू? तुमची हनुवटी! तिथल्या तिथे मला रडावं की हसावं कळेना. परत नोकरीवर गेला तर गेटवरचा माणूस ओळखपत्रावरची दाढी बघतो आणि याचा चकचकीत चेहरा बघतो. तासभर बाहेर ठेवलं त्याला. फोनवर सांगताना हसत होता.

तेव्हापासून रोज न चुकता दाढी करतो. कोणी सांगितलं नाही त्याला. आणि आज हे विचारलं. तुमचं ते बोलणं मी त्याला कधीच सांगितलेलं नाही, देवाशपथ. त्याचं त्यालाच सुचलं. या वेळी कॅप्टनच्या आधी बापाला विचारलं त्याने! ऐकलंत ना?

म्हणून तुमच्या वतीने मीच हो म्हणून टाकलं. तुम्ही नाही म्हणाला असतात का? असतात, चार दिवस. मग मान्य केलं असतंत. ते चार दिवस मी वाचवले.

आणि एक गोष्ट सांगायची राहिलीच होती. तुमच्या अस्थी घेऊन आम्ही कुहीच्या पुढे आंभोऱ्याला नदीवर गेलो. नावाडी म्हणाला, “कलशवाले पहिले बसा.” मंगेश म्हणाला, “नाही दादा. पहिले आम्ही बसतो. बाबा शेवटी चढतीन.” मला बसवलं, त्याच्या काकांना बसवलं, स्वतः बसला आणि मग काठावर उभ्या माझ्या भाच्याकडून कलश हातात घेतला. नदीच्या मधोमध नाव थांबली तेव्हा त्याने तुम्हाला दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं. तेव्हा मला तो ऑटो आठवला. शेवटी चढलात आणि सगळ्यांच्या आधी उतरलात, अगदी साहेबासारखे.

आता शब्द देते. मंगेश घरी आला की दाढी नीट कापलेली आहे की नाही, हे तुमच्या वतीने मी तपासेन, गालावर हात फिरवून. आणि मी ज्युनिअर आहे, हे मला मान्य आहे. तुमच्या मागे उतरायला धावणार नाही. माझी पाळी येईपर्यंत नावेत आरामात बसून राहीन. तुम्ही काठावर थांबा, आणि या वेळी रुसून पाठ करून उभे राहू नका.

तुमची,
सुभेदारीण कुंदा