दोन कुलपांचं गादीचं दुकान

मी, गादीवाल्याची विधवा, शाळा दुसरीपर्यंत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. डोकं शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. मोडलाय तो खुबा. वकिलाने चार शब्द घातले, बाकी जीभ माझी.

कलम एक. खाली दुकान, वर ही खोली, दोन्ही माझ्या नावावर. नवऱ्याचा दोन्ही मुलांवर सारखाच अविश्वास होता म्हणून. त्यानेच दुकानाला दोन कुलपं लावली. एक किल्ली थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. एकट्याने काही करायचं नाही, सगळं दोघांच्या संमतीने. त्याला वाटलं, भाऊ एकत्र राहतील. राहिले की! एकमेकांच्या पायात पाय घालून.

लॉजचा मॅनेजर मोठी ऑर्डर घेऊन आला होता. थोरला म्हणाला, "फोम घालू." धाकटा म्हणाला, "कापूसच." मॅनेजर म्हणाला, "अहो, काहीही घाला, पण गिऱ्हाइकं जमिनीवर झोपलीत माझी!"

"उद्या सांगतो," दोघं एका सुरात म्हणाले. तेवढंच काय ते एकमत. ऑर्डर दुसरीकडे गेली.

कलम दोन. दुकान, कापूस पिंजायचं यंत्र, दाभणं आणि हो किंवा नाही म्हणायचा पूर्ण हक्क धाकट्याच्या मुलीला, एकटीला. छत गळून कापूस भिजला तेव्हा बाप आणि काका दोष कुणाचा यावर भांडत बसले. हिने कापूस गच्चीवर पसरला. वाऱ्याने निम्मा नेला, गल्ली हसली. ही म्हणाली, "चुकलं माझं. उरल्याच्या उशा करू." उशा खपल्या. चुकलेला टाका उसवता येतो. घातलाच नाही तर काय उसवणार? मुलांनो, एवढं तरी शिका.

तिला दुकान विकावंसं वाटलं तर खुशाल विकावं. नातीला गाद्यांखाली गाडायला मी हे लिहीत नाही.

मुलांना कामाचा पगार, नात ठरवेल तो. कुरकुर एकेकट्याने करावी. बँकेतली शिल्लक दोन्ही सुनांना सारखी, या दोघांचं ऐकून घेतल्याबद्दल.

कलम तीन, माझं. खुबा मोडल्यापासून मी वरच आहे. थोरला म्हणतो, "आईला खाली दुकानात आणू." धाकटा म्हणतो, "नको, जिन्याला कठडा बसवू." जिना आहे तसा आहे, मीही. खालचं हसणं ऐकू येतं, कशावर हसले ते कळत नाही.

वकिलाला म्हटलं, मेल्यावर कशाला, आत्ताच देते नातीला. तो म्हणाला, "आजी, त्यासाठी तुम्हाला नोंदणी कार्यालयात यावं लागेल." म्हणजे जिना उतरायला हवा. म्हणजे दोघांनी हो म्हणायला हवं. म्हणून हे मृत्युपत्र.

नातीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मरायची वाट कशाला बघतेस? सकाळी दोन हमाल आणते. खुर्चीसकट उचलून नेतो."

"बाप ओरडेल गं."

"ओरडू दे."

"आणि पाडलंत मला तर?"

"मग दुसरा खुबा."

कार्टी माझ्यावरच गेली आहे.

उद्या मी कार्यालयात पोचले तर हा कागद फाडावा. दारातच अडवलं मला, तर हाच खरा धरावा. लुगडं काढून ठेवलं आहे.

सही: गादीवालीण (स्वहस्ते)
साक्षीदार: समोरचा न्हावी, शेजारची शिवणवाली
स्थळ: दुकानावरची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, संध्याकाळ. हमाल अजून ठरायचे आहेत.